उणे ऐंशीतले बापू

पिवळी पिशवी. करपलेलं दूध. पितळेची एक पातळ पट्टी. न उतरणारा कावळा. ‘संशोधन महत्त्वाचं आहे, तथापि यंदा निधी नाही.’

एवढं सगळं हेमांगीच्या डोळ्यांवरून सरकतं आणि पापण्या मिटतात. शनिवारची दुपार आहे. प्रयोगशाळेत ती एकटीच, फ्रीजरला पाठ टेकून जमिनीवर बसलेली. फ्रीजर आतून उणे ऐंशी अंश, बाहेरून कोमट. आत कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू आहेत, त्यांनी दान केलेले. त्यातला एक तिच्या वडिलांचा, बापूंचा. या रोगात हात थरथरायच्या कितीतरी आधी वास जातो. तो का जातो, हे तिला शोधायचं होतं. पैसे थांबले. सोमवारी फ्रीजर बंद होणार आणि आतलं सगळं दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाणार.

“याचा सूर उतरलाय,” बापू म्हणतात.

ते फ्रीजरला कान लावून उभे आहेत. अंगात तेच बनियन, हातात कानस. मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली.

“बापू, मशीन आहे ते.”

“पेटी पण मशीनच की गं.”

प्रयोगशाळेचं टेबल आता दुकानातली फळी आहे. बापू पेटीची पितळी पट्टी घासतायत. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हात हलतो, सूर जास्तच चढतो. मग बुडाशी. आता जास्तच उतरतो. पुन्हा टोकाला. पट्टी कागदासारखी होते आणि तुटते.

“हल्ली पितळच खोटं येतं.”

रोग कळेपर्यंत ते हेच म्हणत होते. आई तर पितळवाल्याशी भांडूनही आली होती.

“पितळ चांगलं होतं, बापू.”

“आता सांगतेस होय.”

फळीपलीकडे कृष्णा वाहते आहे. घाट. बापूंचा दहावा. कावळा पिंडाला शिवत नाही. आईला सांभाळू, दुकान विकणार नाही, सगळं सांगून झालंय. काका उन्हात ताटकळलेत. शेवटी हेमांगी हात जोडून म्हणते, “हा रोग कुठून येतो ते मी शोधीन.” आणि कावळा उतरतो.

बापू पायरीवर तिच्या शेजारी बसून बघतायत.

“त्याला भूक लागली असेल,” ते म्हणतात.

“मला नाही जमलं, बापू. सगळ्यांकडे जाऊन आले. सरकार, कंपन्या. साखर कारखान्याच्या चेअरमनकडेसुद्धा.”

“तो काय म्हणाला?”

“देवळाला कळस बसवतोय म्हणाला.”

“त्याची पेटी मीच केलेली. भाता फाटका होता.” बापू हसतात. मग हसू जातं. “सोमवारी मी कुठं जायचं गं? घरी ने मला.”

“नेता येत नाही. वितळाल तुम्ही.”

पायरी गार पडत जाते. बापूंचा हात तिच्या हातात आहे. ती दोन्ही हातांनी घट्ट धरते, तरी तो आत हलतच राहतो.

“थांबव की. डॉक्टर ना तू?”

“त्यातली नाही, बापू.”

बापू मान वर करून नाक फुलवतात.

“हेमे, दूध करपतंय बघ.”

“तुम्हाला वास येतोय?”

“येतोय की. ऊठ, गॅस बंद कर.”

ती उठते ती जागी होऊनच. फिनेलचा वास. पाठीमागे फ्रीजर घुमतो आहे. उजव्या हाताच्या नखांत पितळेचा बारीक भुगा चमकतो. कित्येक वर्षांत तिनं पेटीला हात लावलेला नाही. भुगा सांडू नये म्हणून ती मूठ मिटते आणि तशीच बसून राहते.

बापूंचा हात थरथरायला लागला, त्याच्या कितीतरी वर्षं आधी एका संध्याकाळी गॅसवरचं दूध आटून पातेलं काळं झालं होतं. बापू तिथंच स्वयंपाकघरात बसून पेटी जुळवत होते. त्यांना वास आला नव्हता.