एक्सचेंजवाली

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटवर जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण यायची. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला तो शब्दच ठाऊक नाही. ती तिला 'एक्सचेंजवाली' म्हणायची. मॉल नवे होते, खरेदी सतत व्हायची, म्हणून एक कपडा आत आला की एक बाहेर, असा मी नियमच केला होता.

बाई प्रत्येक कपडा अंगठ्याने चोळून बघायची. एकदा माझे सहा टॉप तिने चोळून परत केले. "दीदी, इनका तो पोछा भी नहीं बनेगा. कुछ पुराना हो तो दो."

तिचा डोळा माझ्या अंगावरच्या, आईच्या सुती साडीवर होता. त्या साडीसाठी ती मोठं पातेलं द्यायला तयार होती. मी नाही म्हटलं.

टॉप पुन्हा कपाटात कोंबले. ते मावेनात, म्हणून त्याच रविवारी आम्ही दुसरं कपाट आणलं. नियम कपड्यांपुरता होता.