दोन सह्यांचं कार्ड

दुबईत, देरा भागातल्या बँकेत मी सह्या तपासायचे. दिवसभर चेक समोर यायचे आणि ग्राहकाच्या नमुन्याशी सही ताडून बघायची, एवढंच काम. सुरुवातीला हे नमुने खणात उभ्या लावलेल्या कार्डांवर असत, पुढे ते कॉम्प्युटरवर आले. सांगलीला सहकारी बँकेत होते तेव्हाही हेच केलं होतं, पण तिथल्या सह्या साधारण एका वळणाच्या. इथे उजवीकडून डावीकडे धावणारी अरबी सही, कापडाच्या व्यापाऱ्याची वेलबुट्टी आणि रत्नागिरीकडच्या एखाद्या फोरमनने देवनागरीत अक्षर अक्षर जोडून लिहिलेलं पूर्ण नाव, सगळं एकाच ढिगात असायचं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. खरी सही करणारा माणूस विचार करत नाही. खोटी करणारा मध्येच थबकतो, आणि थबकला तिथे शाई जाड होते.

ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक अमेरिकन राहायचा. पन्नाशीचा, उंच, वाकून लिफ्टमध्ये शिरणारा. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या कंपनीत होता. काही आठवडे समुद्रातल्या रिगवर, मग काही आठवडे घरी. बायको आणि मुलगी अमेरिकेतच. माझ्या नवऱ्याशी त्याचं लिफ्टमध्ये बोलणं व्हायचं, ते बहुतेक उन्हाबद्दल आणि पार्किंगबद्दल. एकदा मात्र त्याने आमच्याकडे भलतीच मागणी केली. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषून घेणाऱ्या छोट्या पुड्या असतात ना, त्या फेकू नका, मला द्या.

नवऱ्याने त्या महिनाभर साठवल्या. ऑफिसातल्या लोकांकडूनही मागून आणल्या. पण त्या द्यायला जाताना त्याला राहवलं नाही. "कशाला लागतात ह्या?"

"वर या दोघं," तो म्हणाला. "दाखवतो."

त्याच्या बेडरूममध्ये पलंगच नव्हता. तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचा. बेडरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवलेला, एसी चालू, आणि भिंतीला लावलेल्या रॅकवर पुठ्ठ्याची लांबट खोकी. खोक्यांत कार्डं. पत्त्यांएवढीच, थोडी जाड. पुढे खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरांत त्याची आकडेवारी. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या कडक पाकिटात.

बेसबॉल हा खेळ तोवर मी फक्त ऐकून होते. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. खेळाडू मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरतो त्या वर्षी त्याचं जे कार्ड छापतात, ते रूकी कार्ड. म्हणजे नवखेपणातलं. तेव्हा त्याला कुणी ओळखत नसतं, त्यामुळे ते स्वस्त मिळतं. पुढे तो मोठा झाला की त्याच कार्डाची किंमत वाढते. त्यावर त्याने स्वतः केलेली सही असेल तर आणखी. तो पोरं हेरायचा, पार्सलने कार्डं मागवायचा आणि दुबईतल्या दमट हवेपासून ती सांभाळायचा. मुलीच्या कॉलेजसाठी.

"म्हणजे शेअरसारखं," नवरा म्हणाला. त्याने एका कार्डाची किंमत विचारली, आणि मनातल्या मनात आधी डॉलरचे दिर्हम केले, मग दिर्हमचे रुपये. जिना उतरताना मला म्हणाला, "आपण नाशिकला प्लॉट घेतला तो निदान पावसात भिजला तर चालतो."

आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, इट्स जस्ट कार्डबोर्ड."

मला पैशांचं तितकं काही वाटलं नव्हतं. मला प्रश्न पडला होता तो सह्यांचा. बँकेत सही म्हणजे परवानगी. ती चेकवर असते आणि चेक वटला की तिचं काम संपतं. इथे मात्र सही हाच माल होता. ती खरी आहे हे कोण ठरवतं?

हे मी घरी बोलून गेले आणि नवऱ्याने लिफ्टमध्ये त्याला सांगितलं की माझी बायको बँकेत सह्याच तपासते. त्याच आठवड्यात, गुरुवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले होते, तेव्हा तो दारात उभा होता. हातात एकच कार्ड.

"हे खरं आहे का, सांगाल?"

त्याच्या लहानपणापासूनच्या नव्हे, पण तरुणपणापासूनच्या आवडत्या खेळाडूचं ते रूकी कार्ड होतं. फोटोतला पोरगा बॅट खांद्यावर टाकून हसतोय आणि त्याच्या छातीवरून निळ्या मार्करची सही गेलेली. अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून त्याने ते पोस्टाने घेतलं होतं. त्याच्याकडच्या सगळ्या कार्डांत ते महाग. पण रिगवर बसल्या बसल्या त्याला शंका येऊ लागली होती.

मी भिंग घेतलं. माझी नेहमीची युक्ती चालेना. गुळगुळीत कागदावर मार्कर सरळ घसरतो, दाब कळत नाही, कुठे थबकला ते दिसत नाही. मी म्हटलं, "मला नमुना लागेल. आम्ही खातं उघडताना ग्राहकाला समोर बसवून सही घेतो, तशी. तुमच्या डोळ्यांदेखत केलेली एखादी आहे का?"

"आहे," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर जाऊन घेऊन आला. त्या खेळाडूच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांत एका सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी त्याने ती मिळवली होती. त्याची मुलगी तेव्हा त्याच्या खांद्यावर बसली होती आणि पेन तिच्याच हातून खेळाडूने घेतलं होतं.

दोन्ही शेजारी ठेवली. नमुन्यातल्या सहीत नावाचं प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. विकतच्या कार्डावर पहिलं अक्षर सोडलं तर पुढे नुसती लाट.

"बँकेत हा चेक आला असता तर मी परत केला असता," मी म्हटलं. "सही जुळत नाही, असा शेरा मारून."

त्याचा चेहरा पडला. मग त्याने विचारलं, "खात्री नसते तेव्हा काय करता?"

"ग्राहकाला फोन करतो. सही तुमचीच का, म्हणून विचारतो."

त्याने कार्ड उचलून हातात घेतलं. म्हणाला, "मग ग्राहकालाच विचारायला हवं."

तो खेळाडू एव्हाना निवृत्त झाला होता आणि अशा कार्डांच्या प्रदर्शनांत बसून चाहत्यांना सह्या द्यायचा. आमचा शेजारी उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेला निघाला तेव्हा ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून गेला. घराची किल्ली आमच्याकडे. बेडरूमचा एसी बंद करायचा नाही, आणि अधूनमधून वर जाऊन तो चालू आहे ना एवढं बघायचं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मी वर गेले तर दार उघडताच अंगावर वाफ आली. एसी बंद पडला होता. कधीपासून ते कळायला मार्ग नव्हता. मी नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, हाक मारली. त्याने बटणं दाबून पाहिली, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, कंप्रेसर खलास. आदमी आएगा. इन्शाल्ला, कल."

त्याचं कल म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. मी आणि नवऱ्याने सगळी खोकी खाली आणली. लिफ्टच्या किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. आमच्या बेडरूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. काही कार्डं धनुष्यासारखी वाकली होती. ती पाकिटांसकट सपाट ठेवून वर माझे इस्त्रीचे कपडे रचले.

कंप्रेसर यायला पुढे बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत आमचं घर बिघडलं. नवरा ऑफिसातून आला की चहा घेऊन एक खोकं उघडायचा आणि कार्डांच्या पाठी वाचत बसायचा. तो नाशिकला क्लब क्रिकेट खेळलेला. "अगं, हे बघ. हा दहा वेळा मारायला उभा राहिला तर सात वेळा फसतो, आणि ह्याला हे लोक महान म्हणतात!" दोन दिवस त्याला ते पटेना. तिसऱ्या दिवशी तो मलाच समजावत होता की गोल बॅटने गोल चेंडू मारणं किती अवघड असेल.

मी मात्र एकाच माणसाच्या मागे लागले. ज्याच्या सहीला मी नापास केलं होतं, त्याची सही असलेली बरीच कार्डं होती. प्रत्येक पाकिटावर शेजाऱ्याने सही कुठे आणि कुठल्या वर्षी मिळाली त्याची चिठ्ठी चिकटवली होती. मी पलंगावर चादर ताणून ती वर्षांप्रमाणे ओळीने मांडली. पहिल्या वर्षी पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराला शेपटीसुद्धा. जणू पोराने घरी बसून सराव केला असावा. मग मधली अक्षरं एकमेकांत शिरू लागली. पुढे आडनावातली दोन गळाली. आणि ज्या वर्षांत तो ऐन भरात होता, त्या वर्षांत फक्त पहिलं अक्षर आणि एक लाट. निवृत्तीनंतर पुन्हा अक्षरं दिसू लागली होती, जरा थरथरती.

मी ओळीच्या मध्यावर बराच वेळ बसून होते. रूकी कार्डावर सही रूकी असतानाच घेतली असेल असं कुठे होतं? जुन्या कार्डावर पुढे दहा वर्षांनी सही करता येते. मी ती त्याच्या पोरवयातल्या नमुन्याशी ताडली होती. ती लाट खरी असू शकत होती.

"फोन करून सांग," नवरा म्हणाला.

पण त्याचा तिथला नंबर आमच्याकडे नव्हता. तो प्रदर्शनाला जाऊनही आला असेल, असं वाटत राहिलं.

सप्टेंबरात तो परतला. एसी दुरुस्त झाला होता, खोकी पुन्हा वर गेली होती. त्याने आधी ती एकेक उघडून पाहिली, माझ्या इस्त्रीच्या कपड्यांची हकिकत ऐकून हसला, आणि मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

त्यावर आता दोन सह्या होत्या.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये तो रांगेत उभा राहिला होता. नंबर आला तेव्हा त्याने कार्ड पुढे केलं आणि सरळ विचारलं, ही तुमची आहे का? खेळाडूने चष्मा लावला. कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. शेजारी बसलेल्या बायकोला दाखवलं. ती म्हणाली, असेल. तो म्हणाला, "असेल माझी. नसेलही. बसच्या खिडकीतून केल्यात, जेवताना केल्यात, धावत केल्यात. माझ्याच मला ओळखू येत नाहीत." आणि मग, "थांबा, आत्ता करून देतो," म्हणून त्याने पहिल्या सहीखाली दुसरी करूनही टाकली. ह्याने थांबवायला हात पुढे केला होता, पण उशीर झाला.

"लगेच दोन विक्रेत्यांना दाखवलं," तो सांगत होता. "एक म्हणाला, आता नक्की खरं झालं, भाव वाढला. दुसरा म्हणाला, वाटोळं केलंत. तुमची बँक काय म्हणते?"

"ग्राहक स्वतः काउंटरवर येऊन सही करून गेला. आमच्या दृष्टीने खलास."

तो हसला. पण मला गप्प बसवेना. मी त्या खेळाडूची कार्डं पुन्हा चादरीवर तशीच मांडून दाखवली आणि हे कार्ड ओळीच्या मध्ये सरकवलं. पहिली सही तिथे चपखल बसली, लाटेशेजारी लाट. तो वाकून बघत राहिला.

"म्हणजे पहिलीही खरी असावी," तो हळूच म्हणाला.

"असावी. आधी मला हे कळलं असतं तर तुम्हाला विचारायला जावं लागलं नसतं."

त्याने मान हलवली. "मग त्याने मला विचारलं नसतं." काय विचारलं, तेही त्याने सांगितलं. सही करता करता खेळाडूने विचारलं होतं, कुठून आलात? दुबई म्हटल्यावर पेन खाली ठेवून तो समुद्रातल्या रिगबद्दल विचारत बसला. तिथे झोपता कसे, वादळात काय करता, मासे दिसतात का. मागची रांग खोळंबली. ही हकिकत त्याने त्या संध्याकाळी आम्हाला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा भावाचा विषय राहून गेला.

पुढच्या काही वर्षांत कार्डांचा बाजार बसला. कंपन्यांनी नव्या खेळाडूंची इतकी कार्डं छापली होती की ज्याच्या त्याच्या माळ्यावर तीच होती. इंटरनेटवर लिलाव सुरू झाले तसे त्याने बरीचशी विकली, अपेक्षेच्या पुष्कळ खाली. मुलीचं कॉलेज त्याच्या पगारातूनच झालं. दोन सह्यांचं कार्ड त्याने लिलावात लावलंच नाही. कंपनीने त्याची बदली केली तेव्हा ते त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, बाकीचं सामान कार्गोने गेलं.

निघताना त्याने नवऱ्याच्या हातात एक न फोडलेलं पाकीट ठेवलं, नव्या खेळाडूंच्या कार्डांचं. नवऱ्याने ते कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. मिटलेलं असेल तर किंमत राहते, असं तो आता तज्ज्ञासारखा म्हणायचा. काही वर्षांनी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. तिने एका दुपारी कपाट आवरता आवरता ते सरळ फाडलं.

"अगं!" नवरा ओरडला.

"बाबा, डोन्ट यू वॉन्ट टू नो?" ती म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर तिने कार्डं पसरली. सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. एकाचे कान टोपीतून बाहेर आलेले, एकाला मिशी नीट फुटलेली नाही. एकही ओळखीचा नाही. मुलीने कॉम्प्युटर लावला आणि आम्ही एकेकाचं नाव टाकून शोधायला लागलो. एक जण अजून खेळत होता, चांगला. एकाचा खांदा गेला होता आणि तो आता शाळेत खेळ शिकवायचा. एकाने खेळ सोडून वडिलांचं शेत सांभाळायला घेतलं होतं. त्याचा ट्रॅक्टरसोबत फोटो होता. कानवाल्याबद्दल काहीच मिळेना. मुलीने स्पेलिंग बदलून पाहिलं, मी कार्डाच्या पाठीवरचं गावाचं नाव वाचून दाखवलं.

चहा गार झाला होता. मी उठून पुन्हा गरम करायला गेले तर नवरा आतून म्हणाला, "थांब, ह्याच्या गावचं वर्तमानपत्र सापडतंय," आणि मी भांडं तसंच ठेवून परत टेबलाशी आले.