कूलरसमोरचा कम्प्युटर

नत्थुजींचा कम्प्युटर बंद पडला हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. आमची भिंत एकच. अकोल्यात कौलखेडच्या या वस्तीत तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागतो, त्यामुळे ते सकाळपासून आपल्या मुलीला बटण जोरानं दाबायला सांगत होते ते मी चहा पिता पिता सगळं ऐकलं. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, दुसऱ्याचं चुकत असलं की मला बसवत नाही. चप्पल घातली आणि गेले.

पुढच्या खोलीत टेबलावर तो डबा होता. आतला पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागत होता, पण पडदा काळाच्या काळा. नत्थुजी त्याच्या डोक्यावर थापट्या मारत उभे होते. मी म्हटलं, नत्थुजी, तो काही तुमचा जुना रेडिओ नाही, थापट खाल्ली की बोलायला. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. खुर्चीवर त्यांची मुलगी आरती बसली होती, हात मांडीवर ठेवून. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत होती, आणि चालू पडद्याकडेही ती तशीच बघते.

हा कम्प्युटर घरचा असला तरी घरापुरता नव्हता. नत्थुजी बाजार समितीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, यांनी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका अंगावर घेतली. मेळावा भरतो जूनच्या तोंडावर, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत. दर्यापूर, मूर्तिजापूर, धामणगाव, कुठून कुठून मुलामुलींची माहिती येते. कुणी कागदावर देतं, कुणी फोनवर पाठवतं, कुणी मेळाव्याच्या फॉर्मवर वडिलांचंच शिक्षण लिहून मोकळं होतं. नत्थुजी ते निस्तरतात, मोठ्यानं वाचतात आणि आरती टाइप करते. उंची, शिक्षण, शेती किती, मामकूळ कुठलं, अपेक्षा काय. एकेकाचं एकेक पान. ज्याचं लग्न जमलं त्याचं पान निघतं, बाकीची पानं पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत जातात.

आरतीचंही पान होतं त्यात. ते कधी निघालं नाही.

ती बी.कॉम. झाली तेव्हापासून मी तिला पाहते आहे. पाहुणे यायचे. आई लीलाबाई पोहे करायची, आरती ट्रे घेऊन यायची, खाली मान घालून बसायची. एकांना रंग पसंत पडला नाही. एकांना पतसंस्थेतली तिची अर्ध्या दिवसाची नोकरी आवडली नाही, दुसऱ्यांना ती अर्ध्याच दिवसाची आहे हे आवडलं नाही. एक मंडळी दोनदा येऊन जेवून गेली, मुलीच्या हाताला चव आहे म्हणाली, आणि नंतर फोन उचलेना. मग लीलाबाईला लकवा मारला. तिचं सगळं आरतीनं केलं, अंथरुणातच. आई गेली तोवर पाहुणे यायचे थांबले होते. तिच्या पानावरच्या अपेक्षा मात्र नत्थुजी दर वर्षी बदलून सांगत. आधी पुण्याचा इंजिनियर होता. मग नोकरीवाला झाला, मग नोकरी किंवा शेती, मग नुसतंच अनुरूप. मागच्या वर्षी मी तिथंच बसले होते. नत्थुजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "लिही, विधुर चालेल." आरतीनं लिहिलं आणि पुढं पूर्णविराम देऊ का म्हणून विचारलं.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आरतीनं नेहमीसारखी भाकरी टाकली. तिला राग येत नाही हे माझं खरं दुखणं आहे. रडली असती, भांडली असती, तर मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते. पण जिला काही होतच नाही तिच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे कुठं राहायचं?

तर त्या सकाळी आम्ही जमेल ते सगळं करून पाहिलं. प्लग दुसऱ्या भोकात घातला. बॅटरीचा डबा मधून काढून थेट जोडला. पडद्याची वायर उपसून परत बसवली, कीबोर्ड काढला, माउस काढला. बंद करून थोडा वेळ गार होऊ दिला. पंखा फिरे, दिवा लागे, पुढं काही नाही. पुस्तिका त्याच आठवड्यात अमरावतीच्या छापखान्यात जायची होती, आणि सगळी पानं फक्त या डब्यात. पेनड्राइव्हवर एक नक्कल ठेवू म्हणून आरतीनं मागंच म्हटलं होतं. समाजाच्या पोरींची माहिती घराबाहेर जाणार नाही, असं म्हणून नत्थुजींनी ते उडवून लावलं होतं. इमानदारी अशी नडते माणसाला.

माझा लॅपटॉप दुरुस्त करणारा शाकीब आहे, ताजनापेठेत दुकान आहे त्याचं. त्याला फोन केला. लग्नसराई, व्हिडिओवाल्यांच्या कम्प्युटरांचा ढीग पडला होता त्याच्याकडे. उद्या दुपारी येतो म्हणाला.

संध्याकाळी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांचा फोन आला. ते म्हणाले, वाट पाहू नका, सगळ्यांकडून माहिती नव्यानं मागवा. नत्थुजींनी फुलस्केप कागद काढले आणि आरतीला समोर बसवलं. मी वांग्याची भाजी द्यायला गेले होते ती तिथंच टेकले. नत्थुजी म्हणाले, आधी आपलं लिहून टाकू, आणि कुठंही न बघता सुरू झाले. नाव, जन्मवेळ, रास, उंची, मामकूळ. पाढा म्हणावा तसं सगळं पाठ होतं त्यांना.

आरतीनं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवला.

"बाबा, माहं पान नका टाकू या वर्षी."

नत्थुजी आधी समजलेच नाहीत. समजल्यावर चिडले. आवाज चढवून पुष्कळ बोलले, त्याचा मतलब एवढाच की पुस्तिकेतून नाव गेलं की लोक विचारतात, काय झालं पोरीचं. कुणी म्हणतं आजारी आहे, कुणी याहून वाईट काही म्हणतं. बापानं हात टेकले असं दिसतं. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी मला, तुमी राहू द्या मॅडम, असं गप्प केलं. खरं सांगते, त्या घटकेला मला ते अजिबात आवडले नाहीत.

आरती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मले काहीच वाटत नाही, बाबा. नाव असलं तरी नाही, नसलं तरी नाही. पन दर वर्षी माह्या हातानं मलेच टाइप करा लागते. ते आता होत नाही."

ती रडवेली नव्हती. पाण्याची टाकी भरली, मोटर बंद करा, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मग नत्थुजींनी निवाडा दिला, पण स्वतः दिला नाही, त्या डब्यावर ढकलला.

"उद्या कम्प्युटर चालू झाला त जसं हाय तसं राहीन. नाही झाला त मी तुहं नवीन लिहिनार नाही. मंग कोनी काही म्हनो."

आरतीनं मान हलवली. मी घरी आले आणि देवापुढं दिवा लावताना माझ्या मनात आलं की त्या डब्याची राख होवो. देवापुढं असलं मागू नये, पण मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाकीब आला. बाहेर रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. खोलीत कूलर चालू होता, आणि त्याचं तोंड माणसांकडे नाही, कम्प्युटरकडे होतं. अकोल्याच्या मे महिन्यात पाहुणा आला की कूलर त्याच्याकडे वळवतात, ही इथली रीत. नत्थुजींनी तो मान मशीनला दिला होता. आरती टाइप करायची ती झोताच्या बाहेर, घामानं डबडबून.

शाकीबनं डब्याची बाजू उघडली, आत टॉर्च मारला आणि मागं वळून कूलरकडे पाहिलं. हा इथंच राहतो का, त्यानं विचारलं. नत्थुजी जरा ताठ झाले.

"मशीन तापते न, बाप्पा. आमी कशेही राहू, पन हवा पहिले त्याले."

शाकीबनं आतली एक बोटभर लांबीची पट्टी उपसून दारातल्या उजेडात धरली. तिच्या कडेचे सोनेरी दात हिरवट पडले होते, तांब्याच्या भांड्यावर चढतं तसं. तो म्हणाला, "काका, हवा कुठं दिली तुमी? पानी पाजलं याले. ओल धरली पुरी."

नत्थुजींनी जाऊन कूलर बंद केला. किती उन्हाळे ते रोज सकाळी त्या कूलरचं गवत स्वतः भिजवत होते, या मशीनला जप जप जपत होते, आणि त्याच ओलीनं ते बंद पडलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

शाकीबनं खिशातून खोडरबर काढलं आणि पट्टीचे दात घासायला सुरुवात केली, पोरं वही खोडतात तसं. घासून बसवली, बटण दाबलं. पंखा, दिवा, काळं. आरती चहा घेऊन आली होती, ट्रे हातात घेऊन उभी राहिली. शाकीबनं पट्टी परत काढली, परत घासली, आतली खाच ब्रशनं झाडली आणि या वेळी शेजारच्या खाचेत बसवली. बटण दाबलं. डब्यानं बारीकसा आवाज दिला आणि पडदा उजळला.

नत्थुजींनी पडद्याला हात जोडले. मी आरतीकडे पाहिलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कप शाकीबच्या बाजूला सरकवला. एवढंच.

"जसं हाय तसं," नत्थुजी म्हणाले, तिच्याकडे न बघता.

सगळं शाबूत आहे का उघडून पाहा, असं शाकीब म्हणाला. आरती खुर्चीवर बसली आणि तिनं मुलींची फाइल उघडली. नावं आडनावानं अकारविल्हे लावलेली, त्यामुळे पहिलं पान तिचंच. कोपऱ्यात फोटो होता, बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा अमरावतीच्या स्टुडिओत काढलेला. लांब वेणी, गळ्यात लीलाबाईची पोत, आणि आता हसेल की मग हसेल असं तोंड. तो फोटो कुणी बदलला नव्हता. शाकीबनं चहाचा घोट घेतला, फोटोकडे पाहिलं, आडनाव वाचलं आणि सहज विचारलं, "ही तुमची लहान मुलगी काय, काका?"

प्रश्न नत्थुजींना होता.

"हो," आरती म्हणाली. "लहान बहीन माही."

"लग्न व्हाचं हाय तिचं?"

"झालं," आरती म्हणाली. "पान काढाचं राहून गेलं."

पतसंस्थेच्या खिडकीतून ती व्याजाचा दर सांगते त्याच आवाजात बोलली ती. शाकीबचा चेहरा फुलला. माशाल्ला म्हणाला, आणि आपल्याकडे विचारतात तसं त्यानं नत्थुजींना विचारलं, "कुठं दिली?"

मी नत्थुजींकडे पाहत होते. वर्षानुवर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत, पण त्या घटकेला एकही मनात आली नाही. ते पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दूर दिली. लय दूर."

"खुश हाय न?"

"हो," नत्थुजी म्हणाले. "काढून टाक, बेटा. मीच इसरलो होतो."

आरतीनं ते पान निवडलं आणि एक बटण दाबलं. खालचं पान वर आलं, धामणगावच्या एका मुलीचं, आणि आरती ते तपासायला लागली. शाकीबनं कप ठेवला, उठून नत्थुजींचा हात हातात घेतला आणि मुबारक म्हणाला. नत्थुजींनी तो हात बराच वेळ सोडला नाही.