दोन पानं एकदम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि सलीमला तर नाहीच — त्याला सांगायची गरजच नव्हती, अवघड आहे ते तेच.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. तेवढा हक्क आहे मला. नव्वदच्या दशकात शिरूरला नव्या नाटकांची अभिवाचनं सुरू केली ती मी. कॉलेजात मराठी शिकवायचो. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, पाठांतर नाही. चार खुर्च्या आणि हातात झेरॉक्सचे कागद. आणि नाटकं कशावर? कुठल्या तरी लांबच्या देशातल्या युद्धावर, बियाणांच्या पेटंटवर, अणुचाचण्यांवर! मार्केट यार्डातले आडते मला छेडायचे, "सर, कांद्याच्या भावावर न्हाई का एखादं?" पण यायचे. कपड्यांवरची धूळ झटकत वाचनालयाच्या सभागृहात बसायचे आणि ज्या देशाचं नाव जिभेवर येत नाही, तिथल्या माणसांसाठी गप्प होऊन ऐकायचे. पुण्यात तरी असे श्रोते मिळाले असते का? मला नाही वाटत. अजून छाती फुगते माझी.

सलीम दौंडचा, रेल्वेत कारकून. दर रविवारी एसटीनं तालमीला यायचा. आवाज काही मोठा नव्हता, पण तो वाचायला लागला की मागच्या रांगेतला खोकणारा खोकायचा थांबायचा. त्याला मी शोधून काढला, हे सांगायला मी कधी विसरलो नाही. आपण घडवलेला माणूस आपल्याहून बरा निघाला की आनंद होतो म्हणतात — होतो का हो? खरंच?

त्या वर्षीचं नाटक केडगावच्या वंदनानं लिहिलं होतं. तरुण शिक्षिका, पहिलंच नाटक. बड्या राष्ट्रांनी एका देशावर निर्बंध घातलेत, औषधंसुद्धा आत येत नाहीत. एका म्हाताऱ्या औषधवाल्याचं रिकामं दुकान, आणि ते ताब्यात घ्यायला आलेला परदेशी अधिकारी. म्हातारा सलीम, अधिकारी मी. मी विचारायचं, "विकायला काही नाही, तर रोज दुकान उघडता कशाला?" त्यावर म्हाताऱ्याचं लांबलचक उत्तर — औषधाऐवजी तो कुणाला बसायला स्टूल देतो, कुणाला रिकाम्या बाटलीचा नुसता वास, कुणाला फक्त "उद्या येईल" एवढं खोटं. ते संपलं की मी म्हणायचं, "चाव्या द्या."

तालमीत ते उत्तर संपलं की वंदना डोळे पुसायची. आणि मी? मी म्हणायचो, "छान, पण जरा लांबतंय." लांबत नव्हतं. एक अक्षरही जास्त नव्हतं त्यात.

वाचनाच्या दिवशी सलीम वडिलांना घेऊन आला. अब्बांचं दौंडात शिवणकामाचं दुकान. हातात कागद धरून वाचायला पोरगा एवढ्या लांब कशाला जातो, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आज ते जाणून घ्यायला आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. सभागृह खच्चून भरलेलं. मीही झकास वाचत होतो — हेही खरं आहे, ते का लपवू?

आणि मग ते पान आलं.

मी अजूनही टाळतोय, नाही का? कागद चिकटले नव्हते. दिवे गेले नव्हते. चष्मा नाकावर होता. पानाच्या तळाशी माझा प्रश्न होता — तो मी गिळला, दोन पानं एकदम उलटली आणि म्हणालो, "चाव्या द्या."

सलीमचं बोट त्याच्या ओळीवर होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कागदात पाहत राहिलो. मग त्याच्या पानांची सळसळ ऐकू आली आणि तो हळूच म्हणाला, "घ्या."

शेवटी टाळ्या थांबेनात. वंदना आमच्याकडे आली, चेहरा उतरलेला. ती काही विचारायच्या आतच सलीम म्हणाला, "मॅडम, चुकलो. माझ्या हातनं दोन पानं उलटली. सरांनी ते पाहून प्रश्न गाळला आणि सांभाळून घेतलं म्हणून निभावलं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात अब्बा आले. "त्ये स्टुलाचं आन् रिकाम्या बाटलीचं कुठं आलं? घरात रोज घोकत व्हता, मला बी पाठ झालं." सलीमनं त्यांनाही तेच सांगितलं. अब्बा त्याला म्हणाले, "एवढं घोकलं आन् ऐन टायमाला घाबरलास व्हय?" मग माझ्याकडे वळून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "मास्तर, तुमी व्हते म्हून पोराची अब्रू राह्यली."

मी म्हणालो, "अहो, होतं असं कधी कधी."

इथेच थांबलो असतो तरी बरं. पण पुढं वर्षानुवर्षं वर्गात प्रसंगावधान म्हणजे काय ते शिकवताना मी हाच किस्सा सांगितला, सलीमनं सांगितला तसा. मुलं हसायची, मलाही मजा यायची. ते वाचन आमचं सगळ्यांत गाजलेलं वाचन ठरलं. शिरूरमध्ये आजही कुणी विषय काढला की मला अभिमान वाटतो — हे लिहितानाही वाटतोय, आणि तो पुसायचा प्रयत्न मी करणार नाही.

सलीम नंतरही येत राहिला. वाचनाला बसण्याआधी माझे कागद हातात घ्यायचा आणि एकेक पान सुटं करून परत द्यायचा. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मी त्याला कधी अडवलं नाही, आणि त्यानंही कधी काही विचारलं नाही.

अब्बा गेले ते आपला मुलगा ऐन वेळी घाबरला असंच समजून. मयतीला मी दौंडला गेलो होतो. गर्दीत मागेच उभा होतो. सलीमनं मला पाहिलं, हाताला धरून पुढं नेलं आणि लोकांना सांगितलं, "हे आमचे सर." लोकांनी बाजूला होऊन मला जागा दिली. मी पुढं जाऊन उभा राहिलो.