पोरांची पट्टी

हे गेले त्यानंतर सात महिने मी देवापुढे हात जोडले नाहीत. राग होता म्हणा, किंवा मागण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणा. समुद्रपूरजवळच्या एका गावात मी शाळेत शिकवते. शाळेचं गायनपथक आम्ही दोघांनी उभं केलेलं. मी पेटीवर, आणि शेतातली कामं आटोपून आलेले हे ढोलकीवर. मुलं चुकली की हे खो खो हसायचे, मग मुलंही हसायची, आणि पुढच्या खेपेला गाणं आपसूक जमायचं. एका दुपारी शेतातच यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं.

वर्ध्याच्या समूहगायन स्पर्धेत यंदा नाव देऊ नका, असं मुख्याध्यापक मला आपणहून म्हणाले होते. पण मुलं रोज पेटीजवळ येऊन उभी राहायची. ढोलकीच्या जागी कुणी बसत नसे, ती जागा मुलं मोकळी ठेवायची. मला नाही म्हणवेना. सराव सुरू झाला, पण गाण्यात जीव येईना. सगळे सूर बरोबर, तरी ऐकताना विहिरीतून आवाज आल्यासारखं वाटायचं. मी चिडायची. एकदा तर पायल नावाच्या सातवीतल्या मुलीला इतकं बोलले, की ती दोन दिवस माझ्याकडे पाहत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी वर्ध्याच्या वाटेवर आमची एसटी पंक्चर झाली. तासभर लागेल, असं ड्रायव्हर म्हणाला. देवाला आमचं एवढंही पाहवत नाही, असं माझ्या मनात आलं. रस्त्याकाठी मारुतीचं देऊळ होतं. तिथल्या पारावर मुलांना बसवलं, पेटी उतरवून घेतली आणि वेळ जावा म्हणून गाणं म्हणायला लावलं; नेहमीसारखी मीही सोबत गात होते.

देवळापुढे एक म्हातारी बाई बोरं विकत होती. ती टोपली तशीच सोडून आली आणि मुलांसमोर उकिडवी बसून ऐकू लागली. गाणं संपल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, राग नको मानजो. हे पोरं दबून गाऊन राह्यले."

आमच्याकडे एवढंच होतं, असं मी तुटकपणे सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमचा गळा बसला दिसते, माय. पोरायचा काऊन बसवता?"

मी पेटीकडे पाहिलं. माझी बोटं काळी एकवर होती. हे असताना आम्ही काळी चारमध्ये, कितीतरी वरच्या पट्टीत, गायचो. माझा आवाज वर चढेना, म्हणून मी पट्टी उतरवत गेले होते आणि ते माझं मलाच कळलं नव्हतं. साऱ्या लेकरांना मी माझ्या दुःखाच्या मापात बसवलं होतं.

मी काळी चारचा सूर धरला. पायलने सुरुवात केली आणि मागून बावीस गळे मोकळे झाले. ढोलकी नव्हती, तर मागच्या रांगेतली मुलं टाळ्यांचा ठेका धरू लागली. मी सोबत गायले नाही, गाऊच शकले नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा मी रडत होते. मुलं माझ्याकडे पाहत होती, पण थांबली नाहीत.

स्पर्धेत आम्हाला नंबर मिळाला नाही. परतताना मी देवळापाशी बस थांबवायला सांगितली. खरं सांगते, ती बाई दिसणार नाही असंच मला वाटत होतं. पण ती होती. टोपली रिकामी करून घरी निघाली होती. नाव विचारलं तर वेणूबाई म्हणाली. तरुणपणी भजनात गायची. मी पायांशी वाकले तसे तिने माझे हात धरले.

"मी काय केलं? कान होते, म्हनून सांगतलं."

तो चमत्कार होता का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. हात जोडले नव्हते, तरी गेलेलं माणूस परत दे, एवढंच मी मनातून देवाला म्हणत आले होते. त्याने ते दिलं नाही. त्याने रस्त्यात गाडी थांबवली आणि ऐकणारं एक माणूस समोर बसवलं. मला तेवढं पुरलं. आता रोज सकाळी परिपाठाला मी पेटी उघडते आणि सूर मुलांना लावू देते. ती जिथून सुरुवात करतील तिथे माझी बोटं जातात. एखाद्या दिवशी गळा साथ देतो, एखाद्या दिवशी देत नाही. गाणं मात्र माझ्यासाठी थांबत नाही, आणि त्याबद्दल मी आता हात जोडते.