मामाच्या मांडीवरचं जावळ

कैची माह्या उजव्या हातात होती, गुड्डूचं अर्धं जावळ डाव्या हातात होतं, अन् जामसावळीच्या मारुतीले जायाले अजून आठ दिवस होते.

मेली! मी मेली आता!

आमच्या घरी लेकराचे जन्माचे केस देवापाशी, मामाच्या मांडीवरच काढतात. तवापर्यंत कैचीचं नाव नाही घ्याचं. अन् गुड्डूचं जावळ तं नवसाचं होतं. जन्मला तवा इतकासा होता का डॉक्टरनं नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवला. मी इकडे रडून राहिली, तं माह्या सासूबाईनं तिथंच हात जोडले, "मारुतीराया, पोट्टं घरी येऊ दे, जावळ तुह्यापाशीच काढू." पोट्टं घरी आलं. देवानं त्याचं काम केलं. आमचं काम काय होतं? केसाले हात नाही लावाचा, बस! तेवढंही माह्याच्यानं झालं नाही.

झालं असं, का गुड्डूच्या टाळूवर पिवळ्या पिवळ्या खपल्या आल्या. सासूबाईले दाखवल्या तं म्हणे, "काही नाही वं कविता, जावळ उतरलं का जाते." पण मी आठवी शिकलेली बाई, मले कुठचा धीर! मोबाईल उघडला. त्यात एक बाई सांगून राहिली होती, मेथी भिजवा, वाटा, डोक्याले थापा, खपली गायब. (ती मोठ्या बायांच्या कोंड्याचं सांगून राहिली होती, हे मले मागाहून समजलं. पूर्ण व्हिडिओ कोण पाहते!)

थापली. चांगली बोटभर जाड थापली. गुड्डू झोपला, मी कपडे वाळू घालाले गच्चीवर गेली. मे महिन्याचं ऊन, वरतून पंखा फुल. खाली येऊन पाहते तं लेकराच्या डोक्यावर हेल्मेट! संत्र्याच्या झाडाच्या बुडाले मोरचूद-चुन्याची पेस्ट लावतात ना, वाळली का खरवडूनही निघत नाही, अगदी तसं. पाणी लावलं तं गुड्डू बोंबलला. ओढून पाह्यलं तं त्याच्यापेक्षा जास्त मी बोंबलली. म्हटलं, एकच बट कापते, कोणाले दिसते! कापली. तं डावीकडून भुंडं दिसाले लागलं. म्हणून उजवीकडून बरोबर केलं. उजवीकडून जरा जास्त झालं, म्हणून पुन्हा डावीकडून...

(मी शिंपी असती तं झबल्याचा रुमाल करून देला असता!)

गुड्डूचे बाबा बोरगावले कंपनीत. सासूबाई शेजारी पापड लाटाले गेलेल्या. मी गुड्डूच्या डोक्यावर टोपरं बांधलं अन् लोधीखेड्याले माह्या लहान भावाले फोन लावला.

"मंगेश, आत्ताच्या आत्ता ये!"

"काय झालं ताई?"

"मांडी घेऊन ये!"

"काय घेऊन येऊ?"

"तुही मांडी! विचारू नको, ये!"

अर्ध्या तासात मोटरसायकल दारात. मी त्याले भिताडाले टेकवून मांडी घालून बसवला अन् प्लास्टिकच्या पन्नीत भरलेले गुड्डूचे केस त्याच्या मांडीवर ओतले.

"हे काय वं? नवीन जीन्स हाय माही!"

"चूप बस. आता म्हण, मामाच्या मांडीवर पडलं."

"पण पोट्टं कुठं हाय मांडीवर?"

"केस महत्त्वाचे का पोट्टं?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय चाललं वं?"

सासूबाई! कमरेवर हात, हाताले पापडाचं पीठ. मी गुड्डूचं टोपरं खाली ओढलं. मंगेश मात्र मोठा हुशार. (आमच्या घरात हुशारी अशीच वाया जाते.) म्हणे, "काही नाही मावशी, केस गळून राहिले माहे."

"इतके?"

"हो ना. आजच सुरू झाले."

सासूबाईचा जीव गलबलला. "अरे बाप्पा! लग्न व्हायचं हाय रे पोरा तुहं अजून!" मग त्याइची नजर मेथीच्या कटोऱ्यावर गेली. "भावासाठी वाटली का कविता? बरं केलं बाई." अन् उरलीसुरली सारी मेथी त्याइनं आपल्या हातानं मंगेशच्या डोक्यावर चोपडली! मंगेश माह्याकडे असा पाहून राहिला, जसं कापाले नेलेलं बकरू. मी दुसरीकडे पाह्यलं.

तवाच गुड्डूनं टोपरं ओढून फेकलं अन् खदखदा हसला.



मग मी एका दमात सुटली, "आई मी मेथी लावली ते वाळली मी कापले अन् मग बरोबर करू करू आणखी कापले, नवस मोडला, देवाले माहं नाव सांगा, गुड्डूचं नका सांगू, जे व्हायचं ते मले होऊ द्या!" अन् मी भोकाड पसरलं.

सासूबाईनं गुड्डूले उचललं. त्याचं डोकं फिरवून फिरवून पाह्यलं. 

"किती उरले?"

"मागचे... अन् कानापाशी चार."

"चला मंग. उरले ते आजच काढू. तुह्या हाती आठ दिवस ठेवला तं कानही नाही राहाचे पोट्ट्याचे."

आम्ही होतो तसेच निघालो. सासूबाई, मी अन् गुड्डू ऑटोत, मंगेश पुढं मोटरसायकलवर, भर उन्हात, डोक्यावर ओली मेथी. जामसावळीले पोहोचेपर्यंत ते ओली राहते का! न्हावीभाऊनं एकदा गुड्डूकडे पाह्यलं, एकदा मंगेशकडे, अन् विचारलं, "पहिले कोणाचं?"

गुड्डूचं पाच मिनिटात झालं, मामाच्या मांडीवर, कायद्यानं. मंगेशच्या डोक्यावर न्हावीभाऊनं वस्तऱ्याची मूठ वाजवून पाह्यली. टक टक! "भाऊ, याले आता एकच इलाज हाय," म्हणे. मंगेश कोणाच्या मांडीवर बसला नाही, एवढाच फरक.

मी मारुतीपाशी गेली. तिथला मारुती निजलेला हाय, म्हणून हळूच बोलली. घरून परत भरून आणलेली केसाची पन्नी पायापाशी ठेवली, म्हटलं, थोडे अगोदर निघाले, सांभाळून घे. सासूबाई मागं उभ्या होत्या. म्हणे, "लेकरू धड उभं हाय ना समोर? त्याले तेवढंच पाह्यजे होतं. तू काय केस मोजून देऊन राहिली!"

येता येता सौंसरले डॉक्टरले दाखवलं. म्हणे, "लहान लेकराले होतेच हे. थोडं तेल लावा, मऊ ब्रशनं हळू काढा, धुऊन टाका. आपल्या मनानं काही थापू नका." मंग मंगेशकडे पाहून विचारते, "यांनाही तेच झालं होतं का?"

मंगेश तसाच फुगून लोधीखेड्याले गेला. तिथं सुतकातल्यासारखा चकाचक टकला पाहून मोहल्ल्यातल्या बायांनी विचारलं, "अरे, कोणाकडे झालं हे?" हा म्हणे, "ताईकडे." अन् धाडकन खोलीचं दार लावून घेतलं!

तासाभरात आमच्या दारात गाडी थांबली. माही आई, काकू अन् मोहल्ल्यातल्या सहा बाया पदर तोंडाले लावून उतरल्या. गुड्डूचा टकला पाहून तं आणखीनच मोठ्यानं रडाले लागल्या. सासूबाई आतून म्हणे, "कविता, तूच सांग त्याइले." मी चहा मांडला. अन् सांगाची हिंमत येईपर्यंत मीही त्याइच्यातच बसून रडली.

बायांनो, खरं सांगा, माह्या जागी तुम्ही असत्या तं काय केलं असतं?