हमीभाऊंनी न घेतलेलं घर

त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्या गावाचे ते हमीभाऊ. जुनी घरं विकून देणं हा त्यांचा धंदा आणि "माझी हमी" हे दोन शब्द त्यांचं भांडवल. छप्पर गळेल का? माझी हमी. विहिरीला पाणी टिकेल का? माझी हमी. ही हमी जरा कागदावर द्या, असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू समोरच्याने त्यांच्या आईबद्दल काही वावगं काढलं. "शब्दाला काही किंमत आहे की नाही राव?" असं म्हणून ते चहा मागवायचे, आणि तो चहा पिता पिता गिऱ्हाइकालाच आपल्या कोत्या मनाची लाज वाटायला लागायची.

त्या शब्दाची खरी किंमत त्यांच्या बायकोला ठाऊक होती. विकाऊ घरांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा. गिऱ्हाईक यायच्या आधी जाऊन घर उघडायचं, जळमटं काढायची, खिडक्या सताड उघड्या टाकून ओलीचा वास बाहेर घालवायचा, हे काम तिच्याकडे. लग्न झालं तेव्हा नवरा बोलायला लागला की ती ऐकत बसायची. पुढे पुढे तो बोलायला लागला की ती भांडी घासायला घ्यायची, आणि तीही जरा जास्तच आवाज करत.

हमीभाऊंचा दात होता तो एकाच माणसावर. शहरात एक इंजिनिअरबाई होत्या. जुनं घर घेण्याआधी घेणाऱ्याच्या वतीने त्या घराची पायापासून कौलांपर्यंत तपासणी करायच्या. हमीभाऊ त्यांना 'भिंतींची डॉक्टरीण' म्हणायचे. "घर घेताय की पोस्टमॉर्टेम करताय?" असं ते गिऱ्हाइकाला विचारायचे. "इतकी वर्षं उभं आहे ना? मग आणखी काय पुरावा पाहिजे? तपासणी म्हणजे पैसे पाण्यात!"

विकणाऱ्यांना मात्र ते जीव तोडून शिकवायचे. तडा गेलाय? लांबी-पुट्टी भरा, रंग मारा आणि पुढ्यात कपाट ठेवा. फरशी बसलीय? वर सतरंजी टाका. "गिऱ्हाईक घर बघायला येतं," ते सांगायचे, "कपाट सरकवायला येत नाही." आणि स्वतःच्या या शहाणपणावर स्वतःच खूष होऊन हसायचे. एवढा आनंद त्यांना दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात कधी मिळाला नाही.

तर साठी जवळ आली तशी हमीभाऊंना स्वतःचं घर घ्यायची हुक्की आली. जन्मभर लोकांना घरं विकली आणि स्वतः राहिले ते दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. गावाच्या टोकाला एका निवृत्त पोस्टमास्तरांचं घर विकायला निघालं होतं. दगडी जोतं, दोन मजले, वर कौलं, पुढे ओटा, आणि खालची खोली अशी ऐसपैस की आत क्रिकेट खेळावं. हमीभाऊ बघून आले आणि जेवताना म्हणाले, "हे घर विकायचं नाही. हे आपलं."

बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. त्या घराची किल्ली तिच्या कमरेलाच होती. तिथला वास इतर घरांपेक्षा चिवट होता, खिडक्या उघड्या ठेवूनही जात नव्हता. पण नवऱ्याला काही सांगायचं म्हणजे दगडावर पाणी ओतायचं.

दुसऱ्या दिवशी हमीभाऊ फोन घेऊन न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली. न्हाणीघराचं दार पत्र्याचं. बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या बायकोला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हो बाई, खालपासून वरपर्यंत. घाई मुळीच नको. काही म्हणजे काही सोडू नका."

ते बाहेर आले तर ती ओलं धोतर पिळत दारातच उभी.

"कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी नाही."

"भिंतींच्या डॉक्टरणीशी?"

हमीभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल की. अगं, आपले पैसे आहेत."

"आणि इतकी वर्षं कुणाचे होते?"

ते दाढी करायला गेले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान" ही म्हण तिला माहीत होती. पण लोकांना ब्रह्मज्ञान न सांगता ते स्वतःपुरतं गुपचूप न्हाणीघरात वापरणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला, आणि तो नेमका तिच्याच नशिबी आला होता.

इंजिनिअरबाई आल्या त्या धिप्पाड, गुडघ्यांना चामडी पट्टे बांधलेल्या, आणि आवाज असा की शेजारच्या घरातलं कुत्रं गप्प झालं. धुळीने त्यांना सारख्या शिंका यायच्या आणि प्रत्येक शिंकेचा राग त्या जवळ उभ्या असलेल्या माणसावर काढायच्या.

"तुम्हीच का ते, माझ्या नावाने बोटं मोडणारे?"

"छे छे, बाई! कुणी सांगितलं?" हमीभाऊ म्हणाले.

"सगळ्यांनी. टॉर्च कोण धरणार?"

"ही धरेल," म्हणून हमीभाऊंनी बायकोला पुढे केलं.

बाई आधी वर गेल्या आणि मागच्या खिडकीतून त्यांनी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीचा ओळंबा खाली सोडला. मग पोस्टमास्तरांसकट सगळे मागे जाऊन उभे राहिले. वर दोरी भिंतीला टेकली होती. खाली तोच ओळंबा भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत होता.

"भिंत बाहेर झुकलीय," बाई म्हणाल्या. "आता आत चला. ते कपाट सरकवा."

"फार जड आहे हो ते," पोस्टमास्तर घाईने म्हणाले.

"म्हणूनच म्हणते."

चौघांनी मिळून कपाट ओढलं. मागे छतापासून जमिनीपर्यंत तडा. लांबी भरलेली, वर रंग दिलेला, आणि तो सगळा मेकअप फाडून तडा पुन्हा उघडलेला. बाईंनी त्यात अख्खं बोट घातलं. हमीभाऊ तापले.

"मास्तर, ही फसवणूक झाली! माणसाने काही लाजलज्जा ठेवावी!"

पोस्टमास्तरांना खरोखरच नवल वाटलं. "मी काय केलं? तुम्हीच नाही का सांगितलंत, माझ्या मेव्हण्याचं घर विकलंत तेव्हा? कपाट ठेवा म्हणून? तो आमच्याकडे येऊन तुमची किती तारीफ करून गेला."

बायकोच्या हातातला टॉर्च गदागदा हलायला लागला. "उजेड नीट धरा," बाई ओरडल्या, तेव्हा कुठे तिने हसू आवरलं.

त्या ऐसपैस खोलीचं रहस्यही निघालं. कोणे एके काळी कुणा हौशी मालकाने मधली भिंत काढून टाकली होती. त्याच भिंतीच्या वरची, माडीवरची भिंत मात्र तशीच ठेवली होती. तिचा सगळा भार एका तुळईवर. बाई शिडीवर चढल्या, मागच्या भिंतीत तुळईचं टोक जिथे शिरत होतं तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. पिकलेल्या फळात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"जुन्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरून सिमेंट थापलंय. पाणी आत अडकलं, लाकूड कुजलं. उरलेलं वाळवीने खाल्लं." त्या खाली उतरल्या आणि हमीभाऊंकडे वळल्या. "वरची भिंत कशावर उभी आहे माहितेय?"

"कशावर?"

"सवयीवर."

दुरुस्ती होईल, असंही त्यांनी सांगितलं. लोखंडी गर्डर घालायचा, मागची भिंत उतरवून पुन्हा बांधायची. तोवर माडीवर कुणी झोपायचं नाही. हमीभाऊंनी बारीक आवाजात विचारलं, "पडेल का हो?"

"आज नाही. कधी ते सांगायला मी ज्योतिषी नाही," म्हणून त्या शिंकत शिंकत गेल्या.

घरी येताना हमीभाऊ वाटेतल्या प्रत्येक भिंतीपासून अंतर राखून चालले. "वाचलो गं," ते दोनदा म्हणाले. बायकोने त्यांना गरम चहा करून दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा काहीतरी शिकला, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं. तिचा तेवढा भोळेपणा अजून शिल्लक होता.

त्याच आठवड्यात एक जोडपं घरीच आलं. बायको दवाखान्यात नर्स, दिवस गेलेले. नवरा शाळेची बस चालवायचा. खूप दिवसांपासून हमीभाऊंमार्फत घर शोधत होते. बाहेरच्या खोलीत हमीभाऊंचा आवाज लागला आणि आत चहा गाळणाऱ्या त्यांच्या बायकोचा हात थांबला.

"पोस्टमास्तरांचं घर बघितलंत ना? दगड आहे दगड! अहो, मी स्वतःसाठीच घेणार होतो. पण आता या वयात जिने कुठे चढायचे? म्हटलं, तरुण माणसांना जाऊ दे. खालची खोली म्हणजे मैदान. आणि पाळणा माडीवर ठेवा, हवा काय छान येते. माझी हमी!"

कपबशा घेऊन ती बाहेर आली. ट्रे टेबलावर ठेवला आणि नर्सकडे बघून म्हणाली, "माडीवर पाळणा ठेवू नका."

"अगं, तुला काय कळतं त्यातलं?" हमीभाऊ हसत म्हणाले. डोळे मात्र हसत नव्हते.

"मला काही कळत नाही. मी फक्त टॉर्च धरला होता." मग तिने तुळई, तडा, झुकलेली भिंत सगळं सांगितलं. कपाटाचंही सांगितलं. आवाज न चढवता, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं.

नर्सने कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही स्वतः तपासणी करून घेतलीत? आम्हाला तर म्हणालात, तपासणी म्हणजे पैसे पाण्यात."

"ते तुमच्यापुरतं म्हटलं," हमीभाऊ चाचरले. "माझं वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

हमीभाऊंनी तिचा कप पुन्हा तिच्यापुढे सरकवला. नवराबायको उठले. बसवाल्याने जाताना नुसतं बघितलं. त्या बघण्याने एखाद्याची मान खाली गेली असती. हमीभाऊंना नुसती उचकी लागली.

मग घरात जे व्हायचं ते झालं.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास! याच धंद्यावर जेवतेस ना?"

"जेवते. म्हणून काय लेकराच्या अंगावर भिंत पाडू? आणि मग तुमची हमी कुणी उचलायची, ढिगाऱ्याखालून?" तिने कमरेचा जुडगा सोडून त्यांच्यापुढे टाकला. "यापुढे खिडक्या तुम्ही उघडा."

हमीभाऊ एकदाच गेले उघडायला. गंजलेली खिडकी ओढली तर चौकटीसकट हातात आली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून गिऱ्हाईक येईपर्यंत ते तसेच कवटाळून उभे राहिले.

धंदा बुडेल असं दोघांनाही वाटलं होतं. बुडाला नाही. जोडप्याने इंजिनिअरबाईंना घेऊन दुसरं, लहानसं घर बघितलं, त्यातली खोट जाणून घेतली, ती दुरुस्त करून राहायलाही गेले. नर्सने दवाखानाभर सांगितलं, आणि लोक येऊन दारातच विचारायला लागले, "वहिनी आहेत का?" हमीभाऊंनी वारा बघून पाठ फिरवली. "आमच्याकडे तपासल्याशिवाय घर दाखवतच नाही," असं ते आता सांगतात. "माझा तर पहिल्यापासून हाच आग्रह." हे ते इतक्या शांतपणे सांगतात की कधी कधी वाटतं, त्यांचा खरंच विश्वास बसलाय. स्वतःसाठीही ते घरं बघतात. प्रत्येक वेळी बाईंना बोलावतात, बाई काहीतरी काढतात, आणि हमीभाऊ अजून दुकानावरच्या दोन खोल्यांतच आहेत. पोस्टमास्तरांनी शेवटी चडफडत गर्डर घातला. हमीभाऊंच्या बायकोला रस्त्यात बघितलं की ते दुसऱ्या बाजूला जातात.

पण तिला खरी चीड यायला लागली ती नवऱ्यापेक्षा गिऱ्हाइकांची. बाजारातला कापडवाला एक घर बघून आला आणि तिला म्हणाला, "वहिनी, एवढंच सांगा, घर बरं आहे ना?"

"इंजिनिअरबाईंना बोलवा. हा घ्या त्यांचा नंबर."

"त्या पैसे घेतात हो. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"मी हो म्हटल्यावर भिंत उभी राहणार आहे का?"

"तसं नाही. पण माणसाच्या मनाला बरं वाटतं."

तिने हो म्हटलं नाही. कापडवाल्याने नंबर खिशात घातला आणि तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तिथे हमीभाऊ होते. थोड्या वेळाने तो समाधानाने हसत बाहेर पडला. घर घेतलं, तपासणी केली नाही, आणि वर्षाच्या आत स्वयंपाकघराची भिंत पोट काढून उभी राहिली. मग तो बाजारभर सांगत सुटला, "हमीभाऊंच्या बायकोला सगळं माहीत होतं. माहीत असून बोलली नाही!"

तिच्या कानावर हे आलं तशी ती पिशवी घेऊन निघाली आणि सरळ त्याच्या दुकानात जाऊन बसली. एकेक तागा उलगडायला लावला. प्रत्येक उजेडात धरला, ताणून बघितला, धागा ओढून बघितला, काठ चुरगळून बघितला. कापडवाला घामाघूम होऊन म्हणत राहिला, "वहिनी, मी सांगतो ना, कापड बरं आहे!" गादीवर कापडाचा डोंगर झाला तेव्हा ती उठली, पिशवी झटकली, आणि काही न घेता घरी आली.